बर्फ वितळायलाच हवा

होडी पहाटे जयगडच्या खाडीत शिरते. मासळी उतरली की मी आधी कल्ला उचलून बघतो, मग पोटाशी बोट लावतो. कल्ला लालभडक असला तरी पोटाशी ऊब लागली, तर त्या मासळीला बर्फ उशिरा मिळालाय हे बोटाला कळतं.

मी मालगुंडचा. तीस वर्षं मासळीला बर्फ लावतोय. या कामातली मोठी गोष्ट मला एका चुकीनं शिकवली. नारळी पौर्णिमेनंतरचे दिवस होते, सुरमई चांगली लागली होती. पेटीच्या तळाला पाणी जायला भोक असतं. बर्फाचं पाणी होऊन वाहून जातंय हे बघून माझा जीव तुटला आणि मी ते भोक चिंधीनं बुजवलं. दुसऱ्या दिवशी वरची सुरमई ताठ होती, तळची लाल पाण्यात भिजून पांढुरकी पडलेली. कल्ल्यांना वास सुटला होता. बाबांनी पेटी रिकामी केली आणि एवढंच विचारलं, "अरे, बर्फ राखायला आणलास की मासळी?"

बर्फ वितळतो तेव्हाच काम करतो. एक किलो बर्फाचं पाणी होताना तो ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. दहा किलो बांगडा तीस अंशांवरून शून्यावर आणायला साधारण तीन किलो बर्फ पुरतो. तरी आम्ही मासळीच्या वजनाएवढा बर्फ घालतो, कारण उरलेला बर्फ पेटीच्या भिंतींतून शिरणाऱ्या कोकणच्या उन्हाशी झुंजत असतो. लादीचे मोठे तुकडे माशाला एखाद्याच जागी टेकतात, मध्ये हवा राहते आणि धारेनं कातडीही फाटते. बारीक फोडलेला बर्फ अंगाला बिलगतो. त्याचं गार पाणी माशावरून ओघळतं, ऊब आणि रक्त दोन्ही घेऊन खाली जातं. म्हणून भोक उघडं हवं आणि बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा.

तळाला बर्फाचा थर, मग मासळी, पुन्हा बर्फ, शेवटी वर जाड थर. साफ केलेल्या माशाच्या पोटातही बर्फ भरायचा आणि पोट खाली ठेवायचं, म्हणजे आत पाणी साचत नाही. ताठरलेला मासा पेटीत मावत नाही म्हणून वाकवायचा नाही. आतलं मांस फाटतं. पेटी उंच भरली तर तळची मासळी चेपते.

गार करण्याची ही घाई मासळीपुरतीच नाही. युरोपात रानातलं मोठं हरीण मारून त्याचं मांस विकायचं, तर ते आतपर्यंत सात अंशांवर यावं असा नियम आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं ती वाटच बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. पण तिथला शिकारी आणि मी एकाच गोष्टीच्या मागे असतो: जीव गेल्यावर अंगात उरलेली ऊब लवकर बाहेर काढायची. त्याला सात अंश चालतात, मला वितळत्या बर्फाचं शून्य लागतं. आपल्या समुद्रातल्या माशावरचे जिवाणू उबदार पाण्याला सरावलेले असतात. शून्यावर ते गारठतात, म्हणून आपला मासा बर्फात थंड समुद्रातल्या माशापेक्षा सहसा जास्त दिवस टिकतो. निसर्गानं दिलेली ही सवलत आपण तासभर उन्हात पाटी ठेवून घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर ही हयगय धोक्याची आहे. ऊब राहिली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून जात नाही आणि कालवणात शिजवूनही जात नाही. कधी कधी वासही येत नाही. खाणाऱ्याच्या घरातली बाई कितीही सुगरण असली, तरी किनाऱ्यावर राहून गेलेला बर्फ तिला चुलीवर भरून काढता येत नाही.

आता पुतण्या माझ्या हाताखाली आहे. परवा तोही म्हणाला, "काका, बर्फ नुसता वाहून चाललाय." मी त्याचा हात भोकाखाली धरला. गार थेंब तळव्यावर पडत राहिले. "माशाची ऊब चाललीय ही," म्हटलं, "जाऊ दे."

रात्री पेट्या रचून झाल्या की मी जवळच आडवा होतो. थेंबांचा आवाज येत असला की झोप लागते. तो थांबला की मी उठून बघतो, बर्फ संपला की भोक बुजलं.