डमडमहून उत्तरपाड्यास

डमडम हे नाव आपल्याकडे दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक विमानतळ आणि दुसरी बंदुकीची गोळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात शरीरात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली आणि १८९९ साली हेग येथील परिषदेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. १८५७ च्या जानेवारीत चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता फुटली, तीही याच छावणीतून. अशा ठिकाणाहून ग्रंथपालांची सायकलफेरी निघावी, याचे मला प्रथम नवलच वाटले.

मी कोलकात्यास गेले होते ती राष्ट्रीय ग्रंथालयातील जुनी मराठी क्रमिक पुस्तके पाहण्यासाठी. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाला तेथे पाठवावी लागते. त्यामुळे पुण्यात हाती न लागलेले मराठी पुस्तक कधीकधी अलीपूरला सापडते. त्याच दिवसांत एका ग्रंथपाल तरुणीशी ओळख झाली. ती एका खेड्यातील ग्रंथालय सांभाळीत असे. ती म्हणाली, "दिदी, रविवारी आमच्याबरोबर येता का? सायकल मी देते."

परदेशात असे उपक्रम मोठे झाले आहेत. २०११ साली सुमारे शंभर ग्रंथपाल वाटेतील ग्रंथालये पाहत कोपनहेगनहून बर्लिनपर्यंत सायकलने गेले होते. आमचा बेत अगदीच लहान होता. अकरा माणसे, डमडम स्थानक ते हुगळीपलीकडील उत्तरपाडा, जेमतेम दहा-बारा किलोमीटरची वाट.

जानेवारीतले धुके होते. मला मिळालेली सायकल दांडीची आणि उंच. पन्नाशीनंतर तिच्यावर चढणे हेच एक साहस होते. मी महाराष्ट्रातली आहे हे कळताच एक गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे बर्गी आले! या वेळी घोड्याऐवजी सायकलवर." मराठी 'बारगीर' शब्दाचे हे बंगाली रूप. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालमध्ये जी लूट केली, तिचे भय येथील अंगाईगीतांत अजून आहे. त्या स्वारांना अडवण्यासाठी कोलकातेकरांनी १७४२ साली खणायला घेतलेला खंदक 'मराठा खंदक' म्हणूनच ओळखला गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ही बाजू फारशी येत नाही. मी हसले, पण थोडी ओशाळलेही.

चिडिया मोडपर्यंत आम्ही गल्ल्यांतून गेलो. मोठ्या रस्त्यांवर सायकलस्वाराला येथे मान नाही. २०१३ साली तर शहरातील १७४ रस्त्यांवर पोलिसांनी सायकलींना बंदीच घातली होती. ज्या वाहनावर दूधवाला, पेपरवाला आणि मजूर कामाला जातात, तेच वाहतुकीला अडथळा ठरावे, हा न्याय मला कधी समजलेला नाही.

आमच्यात सर्वांत वडील असे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना 'काकू' म्हणत. मी दचकले. बंगालीत काकू म्हणजे काका, हे उमगायला काही क्षण गेले. दक्षिणेश्वरला मातीच्या भांड्यातला चहा घेताना मी त्यांना विचारले, "आपण कोणत्या ग्रंथालयात ग्रंथपाल होता?"

"ग्रंथपाल नव्हे," ते म्हणाले, "सायकल-पिऊन."

हे पद मी प्रथमच ऐकले. पश्चिम बंगालमधील ग्रामीण ग्रंथालयांत ग्रंथपालाबरोबर हा एक माणूस नेमला जाई. १९७९ च्या ग्रंथालय कायद्यानंतर काही वर्षांनी काकूंना ही नोकरी लागली. सकाळी कापडी पिशवीत पुस्तके भरायची, पिशवी कॅरियरला बांधायची आणि गावोगाव फिरायचे. पावसात रेनकोट पुस्तकांना गुंडाळलेला आणि काकू ओले. त्यांच्या वाचकांत घराबाहेर फारशा न पडणाऱ्या स्त्रियाच अधिक होत्या. शरत्चंद्र आणि आशापूर्णा देवी यांना मोठी मागणी असे. एक विधवा आजी परतीच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवीत: असले रडके पुन्हा आणू नये. मग काकू गुप्तहेरांच्या कथा नेत.

मला माझी आई आठवली. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून तिनेही शरत्चंद्र वाचले होते, तेही दुपारी, सगळे निजल्यावर. तिच्या दाराशी मात्र कोणी सायकलवरून पुस्तक घेऊन येत नसे. पुस्तक घरी येणे म्हणजे काय, हे मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला मी निराळे सांगायला नको.

बालीच्या पुलावर वारा अंगावर येत होता. शेजारून आगगाडी गेली तेव्हा सारा पूल थरथरला आणि मी सायकलवरून उतरून चालू लागले. इतरांनीही मुकाट्याने तसेच केले.

उत्तरपाड्याचे जयकृष्ण ग्रंथालय १८५९ सालचे. जमीनदार जयकृष्ण मुखर्जी यांनी स्वखर्चाने ते सर्वांसाठी उघडले. नदीकाठी उंच खांबांची ती प्रशस्त वास्तू पाहून आपण एखाद्या राजवाड्यासमोर उभे आहोत असे वाटते. मायकेल मधुसूदन दत्त आयुष्याच्या अखेरच्या काळात येथे आश्रयाला होते. १९०९ साली तुरुंगातून सुटल्यावर श्रीअरविंदांनी गाजलेले भाषण केले तेही येथेच. त्या दिवशी आम्हांला आत जाता आले नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडले.

तेथे त्या तरुणीने आपली अडचण सांगितली. जवळच्या गावचे ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, म्हणून तेही ग्रंथालय तिच्याकडे आले. तीन दिवस एक उघडायचे, तीन दिवस दुसरे. मधले अंतर ती सायकलने काटते. "एकीकडे कुलूप काढते तेव्हा दुसरीकडे लावलेले असते," ती म्हणाली. "मंगळवारी एक मुलगा येऊन परत जातो. त्याला परीक्षेची पुस्तके हवी असतात. त्याला सुटी मंगळवारीच."

कोणी अर्ज करण्याचे सुचवले, कोणी संघटनेकडे जाण्याचे. बराच वेळ वाद झाला. सायकली वाढल्या आणि पुस्तके थांबली, असे काहीसे माझ्या मनात येत होते. पण मी पाहुणी, गप्प राहिले.

काकू मात्र वादात पडले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि तिला विचारले, "दुसऱ्या गावाला कोणत्या वाटेने जातेस?" तिने सांगितले. "ती लांबची आहे. तळ्याच्या कडेने जा, वीस मिनिटे वाचतील. त्या मुलाचे घर कुठे?"

तिने पर्समधून वही काढली आणि पायरीवर ठेवून काकू सांगतील तशी वाट कागदावर आखू लागली.