अल्टेअरवरचा आवाज

राजेहो, 'फॉरबिडन प्लॅनेट' पाहिला नसेल तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी तो पाहा! १९५६ सालचा एमजीएमचा सिनेमा. मला वाटलं होतं, पत्र्याचा रॉबोट, दोरीला लटकवलेली तबकडी, तासाभराची करमणूक. पण संपल्यावर रात्रभर झोप नाही, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

गोष्ट साधी. पृथ्वीवरचं यान अल्टेअर-४ या ग्रहावर उतरतं. वीस वर्षांपूर्वी आलेल्या मोहिमेतले बहुतेक सगळे मेलेत. उरलाय तो डॉ. मॉर्बियस, तिथेच जन्मलेली त्याची मुलगी आणि रॉबी नावाचा रॉबोट. शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' थेट अंतराळात नेऊन ठेवलंय! रॉबीचा आराखडा रॉबर्ट किनोशिता यांनी काढला. आत माणूस उभा राहून तो चालवायचा, पण पडद्यावर माणूस आठवतही नाही.

आणि तो राक्षस! तो दिसतच नाही. मध्यरात्री पहारेकरी पाठमोरा उभा आहे आणि यानाच्या पायऱ्या एकामागून एक, कुणाच्या तरी वजनाने, खाली वाकतात. बस, एवढंच. माझा श्वास अडकला. आपल्या मुंबईत बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस उभा केला होता, लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले, त्याच जातीची ही करामत. पुढे तो राक्षस विजेच्या कुंपणावर आदळतो आणि ठिणग्यांत त्याचा लालभडक आकार क्षणभर उमटतो. हे हाताने काढलेलं चित्र आहे! त्यासाठी जोशुआ मीडर हा ॲनिमेटर डिस्नेकडून उसना आणला होता. कागदावर पेन्सिलने एकेक चौकट काढायची, मग ती उलटी छापून काळ्या रेषा उजळ करायच्या. राक्षस येतो कुठून, ते मात्र माझ्याकडून काढून घेऊ नका.

ग्रहावर एकेकाळी क्रेल नावाचे लोक होते. दोन लाख वर्षांपूर्वी एका रात्रीत संपले. वर काही उरलं नाही. जमिनीखाली वीस मैल लांब, वीस मैल रुंद यंत्र अजून चालू आहे, खाली ७,८०० मजले, आणि पुलावरून चालणारी तीन माणसं मुंगीएवढी. क्रेल कसे दिसायचे, हे सिनेमा दाखवतच नाही. त्यांची दारं तेवढी दिसतात, आपल्यासारखी उभी चौकोनी नव्हेत, तर रुंद, कोनदार. त्यावरून अंगलट ज्याची त्याने ओळखायची. मी वाशीमचा. हेच ते वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. ते लेणं शाबूत आहे, आणि इथे बाजारातून फिरताना राजधानीची खूण शोधावी लागते. ती दारं पाहताना माझ्या अंगावर काटा आला तो म्हणून.

पण खरं वेड लावलं ते आवाजाने. या सिनेमात एकही वाद्य नाही! पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं सगळं पार्श्वसंगीत इलेक्ट्रॉनिक असण्याची ही पहिली वेळ, आणि तेव्हा मूगच्या सिंथेसायझरला अजून आठ वर्षं अवकाश होता. मग हे केलं कुणी? न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या लुई आणि बीबी बॅरन या नवरा-बायकोने. नॉर्बर्ट वीनरचं 'सायबरनेटिक्स' वाचून लुई व्हॉल्व्हची सर्किटं जोडायचा आणि त्यांच्यावर मुद्दाम ताण टाकायचा. सर्किट कण्हायचं, किंचाळायचं, घोगरं व्हायचं आणि शेवटी जळून जायचं. जळालं की संपलं. तोच आवाज पुन्हा काढायची सोय नाही. टेप तेवढी चालू असायची. बीबी ते सगळं ऐकत बसायची, कामाचे तुकडे निवडायची. मग टेप कापायची, जोडायची, उलटी फिरवायची, संथ करायची. राक्षस मरतो तेव्हा आपण ऐकतो ते त्याच्या सर्किटचं खरोखरचं मरण आहे. अभिनय नाही हो, एक वस्तू त्या खोलीत खरंच संपली आणि तिचा शेवटचा आवाज आपल्यापर्यंत आलाय!

आणि एवढं करून त्या दोघांच्या कामाला पडद्यावर 'संगीत' म्हटलेलं नाही. वादकांच्या संघटनेची अडचण नको म्हणून श्रेयनामावलीत 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहिलं. स्पेशल इफेक्ट्ससाठी सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, संगीताच्या विभागात मात्र बॅरन दांपत्याचा विचारही झाला नाही. मला याचा आजही संताप येतो. १९७६ साली, सिनेमाला वीस वर्षं झाल्यावर, दोघांनी या आवाजांची रेकॉर्ड स्वतःच काढली. सिनेमा पाहून झाला की तीही मिळवा आणि चित्राशिवाय, नुसती ऐका.