पाट आणि पंगत

कुत्रा माणसाला चावला म्हणा, माणसाला कुत्रा चावला म्हणा, नाहीतर चावला कुत्रा माणसाला म्हणा. दात कुणाचे आणि पोटरी कुणाची, याबद्दल मराठी कानाला शंका येत नाही. 'ला' हा इवलासा प्रत्यय माणसाला चिकटलेला असतो. माणूस वाक्यात कुठेही गेला तरी ओळखू येतो.

इंग्रजीत मात्र 'द डॉग बिट द मॅन' यातल्या दोन नामांची अदलाबदल करून बघा. शब्द तेच, काना-मात्रेचाही फरक नाही, आणि माणूस कुत्र्याला चावून मोकळा! क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता, नंतर बसेल ते कर्म. पंगत मानाची आहे. पाट बदलला की मान बदलला.

पूर्वी असं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज हेच वाक्य 'से हुंद बात थोने मान' असं म्हणाला असता. 'से' कर्त्यापुढे यायचं, 'थोने' कर्मापुढे. त्यामुळे माणसाला उचलून आधी बसवलं तरी चावणारा कुत्राच राही. पुढच्या काही शतकांत शब्दांचे शेवट बोलता बोलता झिजले, 'से' आणि 'थोने' दोघांच्या जागी एकटा 'द' उरला. खुणा पुसल्या गेल्या, तेव्हा जागाच खूण झाली. आणि गंमत अशी, की १५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण रचलं ते लॅटिनच्या मापानं. प्रत्यय गळून गेलेल्या भाषेला प्रत्ययांनी लगडलेल्या भाषेचा अंगरखा!

जागेला एवढा मान आला, की ती रिकामी ठेवणंही बरं दिसत नाही. आपल्याकडे 'उजाडलं' एवढ्यात वाक्य पुरं होतं. कोण उजाडलं, असं कुणी विचारत नाही. इंग्रजीत पाऊस पडायचा तरी 'इट इज रेनिंग'. हा 'इट' कोण? कुणीच नाही. पाट मोकळा दिसू नये म्हणून बसवलेला पाहुणा. प्रश्न विचारताना पुढे येणारा 'डू' त्याचाच भाऊबंद. शेक्सपिअरच्या काळी त्याच्यावाचूनही प्रश्न विचारता येत. आता त्याला डावलायची सोय राहिली नाही.

शाळेत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम आपण पाढ्यासारखा घोकतो. तो पाठ होतो, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण मुळात सांगण्याची रीतच निराळी. इंग्रजी वाक्य कर्त्यापाठोपाठ काय घडलं ते सांगून टाकतं. घडलं नसेल, तर 'नॉट' त्याच्याही आधी येतो. आपण म्हणतो, 'मी काल तुझे पैसे त्या दुकानदाराला...' आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. दिले, की दिले नाहीत? निकाल अगदी शेवटी. अशी भाषा बोलणाऱ्यांनी खरं तर दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडू नये. आपण सर्रास तोडतो. आणि पुढचा 'नाही' बहुतेक वेळा बरोबर ओळखतोही.