दुसरा खंड

माझ्याकडे अजिंठ्याचं फक्त छत आहे. भिंती अजून यायच्यात.

जॉन ग्रिफिथ्सचा अजिंठ्याच्या चित्रांवरचा ग्रंथ १८९६-९७ साली लंडनला दोन खंडांत निघाला. पहिल्यात भिंतींवरच्या कथा, दुसऱ्यात नक्षी, त्यातही बरीचशी छतावरची. माझ्याकडे दुसरा, तोही खूप नंतरच्या पुनर्मुद्रणातला. गोंदियाच्या एका कबाड्याकडे बारदान्याखाली दबून होता. "याचा जोडीदार?" विचारलं, तर म्हणाला, "एकच आला जी. नेता का?" नेला. रद्दीच्या भावात, वजनावर.

तेव्हापासून पहिला शोधतोय. नागपूरला गेलो की बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत आधी हात घालतो, मग कामाला जातो. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे अख्खी जोडी होती. जोडी फोडणार नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. राग मात्र अजून गेला नाही.

या चित्रांच्या नशिबात तुटणंच फार. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुलं घेऊन ग्रिफिथ्सनं तेच काम पुन्हा उभं केलं. पेस्तनजी बोमनजी त्यांतलाच. त्या नकलाही लंडनला पाठवल्या आणि १८८५ साली त्यांतल्या कितीतरी जळाल्या. एवढं होऊनही माणसानं ग्रंथ काढला. मी एका खंडासाठी कुरकुरतो.

आणि इथे आमच्या गावी, फुलचूरला, पावसाळ्यात कागद ओलसर होतो, भिंतीतून उधई डोकं काढते. म्हणून दिवाळीआधी खंड अंगणात आणून, पांढऱ्या धोतरावर ठेवून, पानं उलटत बसतो. ऊन थेट लागू द्यायचं नाही, सावलीतली नुसती हवा. धान कापणीला आलेलं असतं. पानावर कमळं, हंस, फळांचे घोस. आमच्या भागातल्या बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, उगवतं, पोहतं, त्यातलंच बरंचसं. लेण्यात हेच बघताना मान मोडते. इथे मी खाली वाकून छत बघतो.

आई एकदा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वरचं आहे ना, तर वर टांग."

फडताळात त्या खंडाच्या डावीकडे चार बोटं जागा रिकामी सोडली आहे. बायको तिथे विजेची बिलं खोचते. परवा विचारत होती, तो पहिला आला, तर बिलं कुठे ठेवायची?