देवयानीचा राग

झाडोऱ्यात बुजलेल्या विहिरीत पडलेल्या मुलीला वर काय दिसत असेल? आभाळाचा गोल तुकडा, काठावरच्या गवताची हलणारी पाती, आणि ढकलून देऊन निघून गेलेल्या मैत्रिणीच्या, शर्मिष्ठेच्या, पावलांचा विरत जाणारा आवाज. महाभारतातली देवयानी माझ्या मनात तिथेच उभी असते, राजा येण्याच्या आधीची. मग ययाति येतो, तिचा उजवा हात धरून तिला वर घेतो.

आणि तिथून गोष्ट त्याची होते.

खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ची. कितीतरी उन्हाळी दुपारी मी तिच्यात हरवून गेले आहे. त्या भाषेची गोडी मी नाकारणार नाही, आणि खांडेकरांनी देवयानीला ‘मी’ म्हणून बोलू दिलं हेही विसरणार नाही. पण ती बोलते ती जणू स्वतःविरुद्ध साक्ष द्यायलाच. वाक्यागणिक तिचा अहंकार, तिची महत्त्वाकांक्षा, तिचा मत्सर उजेडात येतो, आणि सारं चांदणं शर्मिष्ठेच्या वाट्याला जातं, कारण शर्मिष्ठा देत राहते, सोसत राहते, बाजूला होते. वाचनालयातून आणलेल्या प्रतीत कुणीतरी शर्मिष्ठेच्या वाक्यांखाली शिसपेन्सिलीच्या रेघा ओढल्या होत्या, हळुवार, जवळजवळ पुसट. देवयानीची पानं कोरी. एका समासात फक्त एक शब्द होता, कागदाच्या पाठीवर उमटेल इतका दाबून लिहिलेला: गर्विष्ठ. मी पान उलटून त्या उठावावरून बोट फिरवलं.

मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला कच तिच्या बापाकडे, शुक्राचार्यांकडे, आला होता; असुरांनी त्याला मारलं की तिने बापापाशी रडून त्याला परत आणवलं. एकदा नाही, तीनदा. तो संजीवनी घेऊन निघाला तेव्हा तिचं प्रेम मात्र त्याला नको होतं. पुढे नवऱ्याने, ययातीने, तिच्याच दासीशी, त्याच शर्मिष्ठेशी, चोरून संसार थाटला, तीन मुलं होईपर्यंत. एवढं सगळं गिळून जी हसत राहील ती चांगली, आणि जी संतापेल ती कजाग.

ही वाटणी अजून चालूच आहे. संध्याकाळच्या मालिकेत तुळशीला पाणी घालणारी कोण आणि स्लीव्हलेस ब्लाउज घालून जिन्यावरून कारस्थान रचत उतरणारी कोण, हे आवाज बंद ठेवूनही कळतं.

१९१३ साली खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकात देवयानी झाले होते बालगंधर्व. मला त्या दिव्यांचा उजेड डोळ्यांपुढे आणता येतो: पुरुषाने लिहिलेली स्त्री, पुरुषाच्या देहावर नेसवलेलं लुगडं, पुरुषाच्या गळ्यातून येणारा तिचा सूर, आणि समोर बसलेल्या बायका तो पदर, तो गजरा, ती मान वळवण्याची लकब डोळ्यांत साठवून घेताहेत. कारण घरी जाऊन त्या तसंच नेसणार होत्या. त्या कलेपुढे मी नतमस्तक आहे. तरी आरशासमोर उभ्या राहिलेल्या त्या बाईचा विचार करते तेव्हा जीव कासावीस होतो. ती स्वतःला कुणाच्या नजरेने पाहत होती?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांना हे फार आधी दिसलं होतं. १८८२च्या ‘स्त्री-पुरुष तुलने’त त्या पुरुषांना सरळ जाब विचारतात, आणि पुरुषांनी लिहिलेल्या नाटका-कादंबऱ्यांतल्या बायकांनाही सोडत नाहीत. ताराबाईंवर झोड उठली. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पन्नासेक वर्षांनी, १९३३ साली, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेही विभावरी शिरूरकर या नावाआडून. बायकांचं मन बाईने लिहायचं, तर आधी स्वतःला झाकून घ्यायचं.

मला देवयानीची एक दुपार वाचायची आहे. कच रानात गुरं घेऊन गेलेला, ययाति अजून गोष्टीत यायचा आहे. आश्रमात धुराचा वास, गोठ्यात वासराची धडपड, आणि आत शुक्राचार्य, मेलेल्याला उठवणारी विद्या एकट्याच्या जिभेवर सांभाळून बसलेले. ती विद्या ते देवांकडून आलेल्या शिष्याला देणार आहेत. मुलगी त्याच छपराखाली वाढली, तिच्या कानाशी ते शब्द कधी आले असतील का? तिला ते स्वतःसाठी हवेसे वाटले असतील का? कचाला उठवायला नाही, कुणालाच उठवायला नाही, नुसते येत असावेत म्हणून?

हे तिला कुणीतरी विचारावं. आणि ती चिडून उत्तर देईल, तर ते चिडणं तसंच्या तसं लिहावं.