आत्याबाईंची बाटली

मैत्रिणींनो, माळा आवरताना एखादी जुनी बाटली हाती लागली, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल? घासूनपुसून लख्ख कराल ना? मीही तेच केलं, आणि म्हणूनच ही हकिगत तुम्हांला सांगते आहे.

बाटली ह्यांच्या अलिबागच्या आत्याबाईंची. जाड, हिरवट काचेची. बूड वाटोळं नि निमुळतं, त्यामुळे ती कधी उभी राहायचीच नाही. पितळी फुलपात्रात खोचलेली असायची. आत्याबाई मला एकटीला गाठून म्हणाल्या, "विकून ये गं. चष्मा करायचाय. भाच्यांपुढे हात पसरायचा नाही मला." मी ती तारेच्या घासणीनं खसाखसा घासली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मुंबईचा चोरबाजार गाठला.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून मौलाना शौकत अली रोडनं पूर्वेला चालत गेलं, की मटण स्ट्रीट येते. नाव मटणाचं, पण दुकानांत पाहावं तर ग्रामोफोनचे कर्णे, हंड्या-झुंबरं, जहाजांवरची घड्याळं, सिनेमाची जुनी पोस्टरं! मुळातला 'शोर बाजार', त्याचा 'चोर बाजार' झाला, असं सांगतात. शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा आपण दुसरा वार धरावा.

पहिल्या दुकानदारानं बाटली हातातही न घेता तीनशे रुपये सांगितले. मी निघाले. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी मात्र ती उजेडात धरली, बोट फिरवलं आणि विचारलं, "बेटी, इसको घिसा किसने?"

मी गप्पच!

मग त्यांनी मला शिकवलं. ही सोडावॉटरची 'हॅमिल्टन' बाटली. विल्यम हॅमिल्टन यांच्या १८०९ च्या पेटंटवरून पडलेलं नाव. बूड गोल, म्हणजे बाटली आडवीच ठेवावी लागे. त्यामुळे बूच ओलं राही, फुगून घट्ट बसे आणि आतला वायू निसटत नसे. पुढे १८७२ मध्ये हायरम कॉड यांनी गोटीची बाटली काढली, आणि बुचाची गरजच संपली.

जुनेपण ओळखायचं कसं? साच्याच्या सांध्याची रेघ पाहा. ती तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली बहुधा यंत्रावरची. तसली पूर्ण स्वयंचलित यंत्रं १९०३ नंतरची. रेघ तोंडाखालीच थांबली, तर कड हातानं घडवलेली. काचेत बुडबुडे असतात, पण तेवढ्यावर विसंबू नये; नकलेतही ते असतात. किंमत ठरते ती उठावाच्या अक्षरांवर, रंगावर आणि टवका-चीर नाही ना, यावर. आमच्या बाटलीवर इथल्याच एका जुन्या सोडा कारखान्याचं नाव होतं. तेच तिचं मोल, आणि नेमके ओरखडे त्याच अक्षरांवर!

"घासली नसतीस, तर चार हजार दिले असते. आता बावीसशे," चाचा म्हणाले. आणखी एका दुकानात विचारून आले, तिथे अठराशेच. परत येऊन बावीसशे घेतले. निघताना चाचांनी बजावलं, शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला परस्पर पाठवायच्या भानगडीत कधी पडू नकोस.

परतीच्या प्रवासात एकच घोर, आत्याबाईंना सांगायचं कसं? माझ्या स्वच्छतेच्या हौसेपायी त्यांचे अठराशे बुडाले होते. शेवटी सगळं खरं सांगून टाकलं.

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू कसली घासतेस! चाळीस दिवाळ्या मी ती राखेनं घासली आहे. निम्मे ओरखडे माझे."

चष्मा झाला. फुलपात्रात आता आत्याबाई तुळशीच्या मंजिऱ्या ठेवतात. आणि मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर अशी बाटली असेल, तर मऊ फडक्यानं धूळ तेवढी झटका. घासणी लांब ठेवा!