पाच टाक

आमच्या देव्हाऱ्यात पाच टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव. ओतीव ठशावर पत्रा ठेवायचा, वरून शिसं धरून ठोकायचं, की ठशातला देव पत्र्यात उतरतो. मागच्या पोकळीत लाख भरायची, तांब्याचा पत्रा बसवून कडा दुमडायच्या, झाला टाक. घाटावर बहुतेक जुन्या घरांत असे देव असतात. आमच्याकडं घोड्यावरचा खंडोबा आणि म्हाळसा, अष्टभुजा भवानी, भैरोबा-जोगेश्वरी, पूर्वजांचं एक जोडपं आणि एक वीर. वीर म्हणजे घरातला अवचित मेलेला कर्ता पुरुष. आमचा वीर कुठल्या लढाईत पडला, असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "लढाई कसली? हिरीत पडला. पर हीर दुसऱ्याची हुती, म्हून वीर."

दसऱ्याच्या आधी देव उजळायचं काम आईचं. रात्री रिठे भिजत घालायची, सकाळी त्या फेसात टाक सोडायची आणि जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं पुसायची. भवानीला मात्र चिंच लावायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिला आंबट लागतं." मला पटलं. देवीला लिंबाची माळ चालते, मग चिंच का नको?

एका वर्षी मी हौसेनं वीराला रांगोळीनं घासलं. आरशासारखा लखलखला. आजीनं टपलीच मारली. "मेल्या, त्येचं नाक घालवलंस की!" खरंच घालवलं होतं. चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकानं चढलेलं पूट. ते खरवडताना खालची चांदीही थोडी थोडी जाते, आणि जाते ती उंचवट्यावरची. म्हणजे देवाचं नाक आधी जातं.

बाहत्तरच्या दुष्काळात आबा खडी फोडायला जात होते. घरात मिलोच्या लालसर भाकरी, शाळेत सुकडी. विकण्यासारखं होतं ते एकेक करून बाजारात गेलं. आधी आईचे तोडे गेले. ते मोडायला आबांनी मला बरोबर नेलं होतं. सोनारानं तोडे काळ्या कसोटीवर घासले, दगडावर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. त्यांवर तेजाबाचा थेंब टाकला, मग मिठाचं पाणी. एका रेघेवर दूध नासल्यासारखा पांढरा साका आला. दुसरीवर हिरवट रंग चढला आणि साका नावालाच दिसला.

"ह्यो राणीछाप रुपयाचा हाय," पहिला तोडा उचलून तो म्हणाला. "आन् ह्यो दुसरा मागनं केलाय. निम्मं तांबं."

हे मला पुढं कळलं. 1940 पर्यंतच्या कलदार रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची. लढाईच्या दिवसांत सरकारनं ती निम्म्यावर आणली आणि 1947 पासून रुपया निकेलचाच झाला. बायका साठवलेले रुपये सोनाराला आटवायला द्यायच्या. रुपया कोणत्या साली पडलाय हे कोण बघत होतं? पण त्या दिवशी आबांचं तोंड चोरी सापडल्यासारखं झालं होतं.

पुढं महिन्याभरात आबांनी देव काढले. सोमवतीला जेजुरीला देवभेटीला नेताना ज्या भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या फडक्यात बांधायचे, त्याच फडक्यात बांधले. वाटेत आम्ही दोघंही बोललो नाही. सोनारानं पाचही टाक हातात घेऊन जोखले. भवानीवर जरा थांबला. "ह्यातल्या त्यात हिच्यात माल हाय. जुना जाड पत्रा." मग वीराची मागची कड चिमट्यानं उचकटली. तांब्याचा पत्रा निघाला, काळी लाख गळून पडली आणि वीर पिंपळाच्या वाळक्या पानासारखा त्याच्या तळहातावर राहिला. ताजव्यात घातला, तर पाव तोळासुद्धा भरेना. एवढी वर्षं आम्ही देव भरीव चांदीचे आहेत असं समजत होतो.

आबा बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले. मग म्हणाले, "हाय तसा बशीव."

सोनारानं लाख तापवून वीर पुन्हा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर आबांनी आईला सांगितलं, "दुकान बंद हुतं." आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

ही गोष्ट पुढं मी किती जणांना सांगितली असेल! शाळामास्तर झालो तेव्हा वर्गातल्या पोरांनाही सांगायचो. पोटाला नव्हतं, तरी माझ्या बापानं देव परत आणले.

मास्तरकीतच मला जुन्या भांड्यांचा नाद लागला. पुण्याला गेलो की दिनकर केळकरांच्या संग्रहालयात जायचो. गावोगाव हिंडून त्या माणसानं दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. ते बघून मीही मोडीच्या दुकानांतून किलोच्या भावानं समया, करंडे, पानाचे डबे उचलायला लागलो. चुकत चुकत नजर तयार झाली. जुन्या वस्तूचा काळेपणा खोलगट जागी असतो आणि हात लागून लागून उंचवटे उजळ राहतात. सगळीकडं सारखा काळा असेल, तर तो गंधकाचं औषध लावून चढवलेला. पुढचं नक्षीकाम फसवतं, म्हणून वस्तू उलटी करून बघावी. मागं ठोके असतात, डाग असतात, झाळलेली जागा दिसते. मी एक छोटी कसोटीही घेऊन ठेवली. पण स्वतःच्या देव्हाऱ्यातले देव काय म्हणून पारखायचे?

आबा गेले, नंतर आई गेली. वर्षश्राद्धानंतर आम्हा भावांची वाटणी झाली. देव थोरल्याकडं राहायचे, धाकट्यानं नवे करून घ्यायचे, ही रीत. जुन्या टाकांची जी चांदी भरेल तिचा निम्मा भाव मी धाकट्याला द्यायचा, असं चार माणसांत ठरलं. धाकटा म्हणाला, "दादा, बाहेरचा सोनार कशाला? तुलाच कळतंय ह्यातलं."

ओसरीवर कसोटी घेऊन बसलो. टाक मोडायचे नव्हते. मागं दुमडलेल्या कडेचा नुसता शेव दगडावर घासायचा. खंडोबा घासला, तेजाब, मीठ, पांढरा साका. भैरोबा तसाच. जोडपं तसंच. वीर तसाच. भवानीची रेघ ओढली. तेजाब पडताच हिरवीनिळी झाली. मीठ टाकलं. साका आलाच नाही.

जर्मन सिल्व्हर. नावात चांदी, अंगात तांबं, निकेल आणि जस्त. टाक उलटा केला. मागचा पत्रा इतर चौघांपेक्षा नवा होता, ठोके सारख्या अंतरावर. पुढून देवीचं नाक धारदार, आठही हातांतली आयुधं मोजता येतील अशी. बाकीच्या देवांची तोंडं पुसून गेलेली, आणि आमच्यातल्या सगळ्यात जुन्या देवीचं तोंड तेवढं नवंकोरं. माझी एवढी तयार नजर, आणि रोज नमस्कार करताना हे कधी दिसलं नव्हतं.

म्हणजे आबा एकटेच पुन्हा गेले होते. ज्या देवीत माल होता तिला घेऊन.

"काय रं दादा?" धाकट्यानं विचारलं. बाहत्तरला तो पाळण्यात होता.

"चांदीच हाय," मी म्हणालो. "सगळ्यात जड हीच." आणि कागदावर भवानीची चांदी सगळ्यात जास्त धरली. तिचा निम्मा भाव त्याला मोजून दिला.

आबांनी कधी नेली, किती पैसे आले, त्याचं काय आणलं, हे विचारायला आता कुणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात धाकट्याला जुलाब लागले होते आणि तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं होतं, एवढं आठवतं. तेच कारण असेल असं नाही. पण मी ते तसं धरून चालतो.

त्या वर्षी दसऱ्याआधी बायकोनं पाचही देव रिठ्याच्या पाण्यात सोडले. मी शेजारी बसून बघत होतो. बाहत्तरच्या आधी आई पण असेच सोडायची, पाचही एकत्र, आणि फेसात कोणता देव कोणता ते ओळखायचा खेळ आम्ही खेळायचो, ते तेव्हा आठवलं. भवानी वेगळी काढून तिला चिंच लावणं नंतरचं. चांदी काळी पडते, तिला रिठे पुरतात. तांब्या-पितळेसारखं पिवळट, हिरवट होणाऱ्या धातूला आंबटच लागतं. रोज घागरी घासणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आईनं आबांना कधी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही. तीस-पस्तीस दसरे ती नुसती चिंच भिजवत राहिली.

मी फेसातून भवानी बाहेर काढली.

"चिंच हाय का गं घरात?" मी बायकोला विचारलं.

"देवाला चिंच कशाला?"

"तिला आंबट लागतं," मी म्हणालो.